परगावचा धूर, परगावची चव: वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे निघाले. नाशिकच्या कितीतरी घरांतली मुलं-सुना अमेरिकेत आहेत आणि आईवडील उन्हाळ्यात तिकडे निघतात. तिथे गेल्यावर मुलं हौसेनं बार्बेक्यूच्या, म्हणजे मंद धुरावर तासन्‌तास शिजवलेल्या मांसाच्या, एखाद्या नामांकित हॉटेलात नेतात, आणि मग रांग, पाउंडाचा हिशेब, कोणतं मांस घ्यायचं, ते कच्चं तर नाही ना, असे प्रश्न सुरू होतात. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: मुलगा ऑस्टिनला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. तिथल्या एका प्रसिद्ध बार्बेक्यूच्या हॉटेलात नेतो म्हणतो, पण तीन-चार तास रांगेत थांबावं लागतं म्हणे. एवढं काय असतं तिथे? आम्हाला खाण्याचं कसलंही वावडं नाही, पण मागायचं काय आणि किती, ते सांगा. (गंगापूर रोड)

उत्तर: रांग लागते ती मांस शिजायला लागणाऱ्या वेळामुळे. टेक्सासच्या बार्बेक्यूचा मुख्य पदार्थ ब्रिस्केट, म्हणजे गाईबैलाच्या छातीचा पाच-सहा किलोचा सलग तुकडा. जनावराचं वजन पेलणारा हा स्नायू असल्यामुळे तो मुळात फार चिवट असतो. १०७ ते १२० अंश सेल्सियसच्या धुरात तो बारा तासांच्या आसपास ठेवला की चिवटपणा आणणारं कोलॅजन विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप रात्रभर मंद आचेवर राहिलं की बोटांना चिकटायला लागतं ना, तेच हे. वरून मसाला म्हणाल तर मध्य टेक्सासात फक्त मीठ आणि भरड मिरी, आणि लाकूड पोस्ट ओक नावाच्या झाडाचं. म्हणजे आज सकाळी अकराला तुमच्या पानात पडणारा तुकडा काल भट्टीत गेलेला असतो आणि रात्रभर कुणीतरी त्याच्या विस्तवापाशी जागलेलं असतं. दुपारी गर्दी वाढली म्हणून आणखी चार तुकडे चढवता येत नाहीत. संपलं की दार बंद. बऱ्याच ठिकाणी दीड-दोन वाजेपर्यंत ब्रिस्केट संपलेलं असतं.

ऑस्टिनचं फ्रँकलिन बार्बेक्यू २००९ साली एका ट्रेलरवर सुरू झालं आणि २०१५ साली त्याचे मालक एरन फ्रँकलिन यांना जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. तिथली रांग जगभर माहीत आहे. पण तेवढं एकच ठिकाण डोक्यात ठेवून जाऊ नका. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिनने २०२४ मध्ये टेक्साससाठी पहिल्यांदा यादी काढली तेव्हा बार्बेक्यूच्या चार हॉटेलांना एकेक तारा मिळाला, त्यांतली तीन ऑस्टिनचीच आहेत: इंटरस्टेलर, ला बार्बेक्यू आणि लेरॉय अँड लुइस. शिवाय ऑस्टिनपासून पन्नासएक किलोमीटरवर लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. टेक्सासच्या विधिमंडळानेच त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हटलं आहे. तिथलं क्राइट्स मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ सालचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे फार थांबावं लागत नाही. पाय दुखणाऱ्या माणसांना आम्ही लॉकहार्टच सुचवू.

रांगेत थांबायचंच असेल तर पोहोचल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात थांबा. मे महिन्यात ऑस्टिनचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. नाशिकला दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा तिथे सकाळचे सहा. विमानाच्या प्रवासाने झोप उडून पहाटे चारला टक्क डोळे उघडतात, ती वेळ सत्कारणी लावता येते. घडीची खुर्ची, टोपी आणि प्यायचं पाणी सोबत ठेवा, मे महिन्यात तिथेही ऊन कडक असतं. सोमवारी अनेक ठिकाणं बंद असतात, ते आधी बघून घ्या. काही ठिकाणी कर्मचारी रांगेतून फिरून कोण किती घेणार याचा अंदाज घेतात आणि माल कुठपर्यंत पुरेल ते मागच्यांना आधीच सांगतात. त्यांनी विचारलं तर खरा आकडा सांगा, मागे उभ्या असलेल्यांचा दिवस त्यावर ठरतो.

आता मागायचं काय. मांस वजनावर मिळतं. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. दोघांना अर्धा पाउंड ब्रिस्केट, दोन पोर्क रिब्ज (डुकराच्या बरगड्या), एक सॉसेज आणि पाव पाउंड टर्की (कोंबडीपेक्षा मोठा पक्षी) एवढं भरपूर होतं, थोडं उरेलसुद्धा. ब्रिस्केट मागितलं की कापणारा विचारतो, "लीन की मॉइस्ट?" लीन म्हणजे कमी चरबीचा, सपाट भाग. मॉइस्ट किंवा फॅटी म्हणजे वरचा चरबीदार भाग. पहिल्यांदा खाताय तर मॉइस्ट घ्या. बारा तासांचं सगळं काम त्या भागात उतरलेलं असतं, लीन मात्र जरा इकडेतिकडे झालं तरी कोरडं लागतं. दोन्ही हवं असेल तर "हाफ अँड हाफ" म्हणा.

काप तुमच्यासमोर कापला जातो, तेव्हा बघा. पेन्सिलीएवढा जाड, कडेला काळंभोर कुरकुरीत साल, त्याला तिथे बार्क म्हणतात. काप बोटावर टांगला तर दोन्ही बाजूंनी लोंबला पाहिजे पण तुटायला नको, आणि हलकं ओढल्यावर सुटला पाहिजे. टांगल्या टांगल्या तुटला तर जास्त शिजलाय. रबरासारखा ताणला गेला तर कमी. ब्रिस्केटच्या दोन थरांचे धागे वेगवेगळ्या दिशेने जातात, म्हणून चांगला कापणारा मध्येच तुकडा फिरवून घेतो. तो फिरवताना दिसला की निर्धास्त राहा.

एका ठिकाणी फसगत होते. बीफ रिब ही एकच बरगडी हाडासकट पाउंड-सव्वा पाउंडाच्या पुढे भरते आणि पूर्ण बरगडीच्या वजनाचे पैसे लागतात. नामांकित ठिकाणी ब्रिस्केटच पाउंडाला तीस डॉलरच्या पुढे जातं, तेव्हा "वन बीफ रिब" म्हणण्याआधी तिचं वजन आणि किंमत विचारा. चौघांत एक पुरते.

सगळं मांस जाड कागदावर येतं. सोबत पांढरा ब्रेड, लोणच्यातली काकडी आणि कच्चा कांदा. मटणाबरोबर आपण कांदा-लिंबू घेतो त्याच कारणासाठी, चरबीने जड झालेली जीभ आंबटाने मोकळी होते. पहिला घास नुसता खा, सॉस नंतर.

प्रश्न: आम्ही चिकन-मटण खातो, पण गाय आणि डुक्कर खात नाही. मग अशा हॉटेलात जाण्यात अर्थ आहे का? (कॉलेज रोड)

उत्तर: आहे. टर्कीच्या छातीचं मांस मिठाच्या पाण्यात मुरवून धुरावर शिजवतात आणि ते चांगल्या ठिकाणी फार छान मऊ लागतं. कोंबडीही बहुतेक ठिकाणी असते. पण दोन गोष्टी नीट विचारा. पहिली म्हणजे पाट आणि सुरी. सगळी मांसं एकाच लाकडी पाटावर, एकाच सुरीने कापतात आणि ब्रिस्केटची चरबी पाटभर पसरलेली असते. "क्लीन बोर्ड, क्लीन नाइफ अँड न्यू ग्लव्ज, प्लीज" असं आपली पाळी आल्याबरोबर सांगा, कापायला सुरुवात झाल्यावर नव्हे. लोक कुरकुर न करता बदलून देतात. दुसरी गोष्ट म्हणजे वरून लावलेली चरबी. टर्कीला बरेचदा लोणी लावतात, पण काही ठिकाणी बीफची वितळलेली चरबी लावतात, तिला टॅलो म्हणतात, किंवा बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, गुंडाळतात. "एनी टॅलो ऑर बेकन ऑन द टर्की?" एवढं विचारलं की कळतं. सॉसेज मात्र सोडूनच द्या. चिकनचं म्हणून विकलेल्या सॉसेजचंही आवरण डुकराच्या आतड्याचं असू शकतं.

हलालचंच बंधन असेल तर ह्यूस्टन आणि डॅलस या शहरांत हलाल मांसाची वेगळी बार्बेक्यू हॉटेलं आहेत, तिथे थेट ब्रिस्केटही खाता येईल.

प्रश्न: मी माळकरी आहे. ऑफिसच्या कामाला डॅलसला जाणार आहे आणि तिथले सहकारी अशाच ठिकाणी जेवायला नेतात. मला तिथे काय खाता येईल? (पंचवटी)

उत्तर: फार थोडं, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. भाज्या म्हणून मांडलेले पदार्थच तिथे दगा देतात. बीन्स दिसायला आपल्या राजम्यासारखे असतात, पण त्यांत ब्रिस्केटचे तुकडे किंवा बेकन घातलेलं असतं. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी बहुधा डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात. कॉर्नब्रेडमध्ये कधी डुकराची चरबी असते. बटाट्याच्या आणि कोबीच्या सॅलडमध्ये मेयोनीज, म्हणजे अंडं. फ्रेंच फ्राइज कुठल्या तेलात तळतात तेही विचारावं लागतं, कारण बीफच्या चरबीत तळणारी ठिकाणं आहेत. मॅकरोनी-चीजमधल्या चीजला बरेचदा वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं.

खात्रीचं उरतं ते लोणच्यातली काकडी, कच्चा कांदा, हालापिन्यो मिरची, उकडलेलं मक्याचं कणीस, शीतपेय. ब्रेडचीही घटकयादी पाकिटावर बघून घ्या. तेव्हा निघताना मुक्कामावरूनच पोटभर जेवून जा आणि सहकाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. कुणाला वाईट वाटत नाही. त्या टेबलाशी बसून गप्पा मारता येतात, तेवढ्यासाठी जायला हरकत नाही.

प्रश्न: पुतण्याने कॅन्सस सिटीला नेलं होतं. काप वरून काळाठिक्कर आणि काळ्याच्या आत चांगला बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी असा गुलाबी पट्टा. मांस कच्चं असेल म्हणून मी तेवढा भाग काढून टाकला. बरोबर केलं का? (इंदिरानगर)

उत्तर: काकू, तो सगळ्यात आवडीने बघितला जाणारा भाग होता. त्याला स्मोक रिंग म्हणतात. लाकूड जळताना नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू तयार होतात. मांसाच्या ओलसर पृष्ठभागात ते विरघळतात आणि आत शिरतात. मांसाला लाल रंग देणारं मायोग्लोबिन त्यांच्याशी बांधलं गेलं की मग ते कितीही शिजवलं तरी तपकिरी होत नाही. वायू सेंटीमीटरभराच्या आतच पोहोचतात, म्हणून पट्टा कडेलाच दिसतो. मांस साधारण ६० अंशांच्या पुढे तापलं की रंग धरायचं थांबतं, त्यामुळे थंड आणि ओलसर तुकडा भट्टीत घातला तर पट्टा जाड येतो. ब्रिस्केट आतून ९० ते ९६ अंशांपर्यंत गेलेलं असतं, ते कच्चं असण्याचा प्रश्नच येत नाही.

भीती बाळगायची ती कोंबडीची. तिथेही रंगावर जाऊ नका. हाडाजवळ गुलाबी छटा पूर्ण शिजलेल्या कोंबडीतही राहते आणि पांढरी दिसणारी कोंबडी कधी कच्ची असते. मांडीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटरची सुई घालून ७४ अंश दाखवले की झालं.

प्रश्न: जावई ह्यूस्टनला घरीच ब्रिस्केट करतात. मी तिथे असताना मांसातल्या थर्मामीटरचा काटा ६८ अंशांवर जाऊन बसला तो चार तास हलेना. त्यांनी वैतागून आच वाढवली आणि शेवटी मांस लाकडासारखं झालं. चूक कुठे झाली? (सिन्नर)

उत्तर: आच वाढवली तिथे. माठातलं पाणी कशाने गार होतं ते आठवा. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. ब्रिस्केटच्या पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं तेव्हा तसंच होतं, भट्टी जेवढी उष्णता देते तेवढी बाष्पीभवनात निघून जाते आणि आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या मध्ये तासन्‌तास अडकतं. याला तिकडे स्टॉल म्हणतात. पृष्ठभाग पुरेसा वाळला की काटा आपोआप वर सरकायला लागतो. आच वाढवली तर बाहेरचा दोन बोटांचा थर कोरडा पडतो आणि आतलं कोलॅजन विरघळायला वेळच मिळत नाही.

उपाय दोनच. नुसतं थांबायचं, किंवा साल हवं तेवढं काळं झालं की तुकडा गुंडाळायचा. बुचर पेपर, म्हणजे मेण किंवा प्लास्टिक न चढवलेला जाड कागद, थोडी वाफ बाहेर सोडतो, त्यामुळे साल टिकतं. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये लवकर शिजतं पण साल मऊ पडतं. जावईबापूंना आणखी एक सांगा: ९५ अंशांवर काढल्यावर लगेच कापायचं नाही. गुंडाळलेलंच कोरड्या थर्माकोलच्या किंवा पिकनिकच्या पेटीत दोन तास ठेवायचं. गरम असताना कापलं की सगळा रस पाटावर येतो.

प्रश्न: प्रत्येक गावचा सॉस वेगळा का असतो? कुठे काय मागावं? (नाशिकरोड)

उत्तर: जिथे जे मांस आणि जे लोक, तसा सॉस. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर शिजवून, बारीक तोडून त्यावर नुसतं व्हिनेगर आणि लाल मिरची. त्याच राज्यात पश्चिमेला लेक्सिंग्टनला खांद्याचं मांस घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप मिसळतात. साउथ कॅरोलायनाच्या मधल्या पट्ट्यात जर्मन वस्तीमुळे मोहरीचा पिवळा सॉस आला. मेम्फिसला रिब्ज कोरड्या मसाल्यात मागा. कॅन्सस सिटीला टोमॅटो आणि मळीचा दाट, गोड सॉस असतो, तिथे बर्न्ट एंड्स मिळतात का ते नक्की विचारा. ब्रिस्केटच्या चरबीदार टोकाचे हे काळे चौकोनी तुकडे असतात आणि ते सगळ्यात आधी संपतात. अलाबामाच्या डेकेटर गावात बिग बॉब गिब्सन हे १९२५ सालचं हॉटेल आहे, तिथे धुरावरच्या कोंबडीला मेयोनीज-व्हिनेगरचा पांढरा सॉस लावतात. मध्य टेक्सासात सॉस मागितला नाही तरी चालतं.

प्रश्न: तंदूर आणि बार्बेक्यू एकच ना? (सातपूर)

उत्तर: नाही. तंदूर तीनशे-चारशे अंशांवर तापतो आणि कोंबडी पंधरा-वीस मिनिटांत होते. तिथे दह्यात मुरवलेलं कोवळं मांस लागतं. बार्बेक्यू १२० अंशांच्या आसपास आणि तासांवर चालतं, तिथे चिवटच मांस हवं. आपल्याकडे टेबलात शेगडी ठेवून सळया लावतात, त्यालाही बार्बेक्यू म्हणतात, पण तो कामाने कबाबाचा प्रकार आहे.

प्रश्न: मुलीने दीड पाउंड ब्रिस्केट बांधून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर चामडं झालं. आणि येताना थोडं पॅक करून नाशिकला आणता येईल का? (देवळाली कॅम्प)

उत्तर: बांधून घेतानाच "डोन्ट स्लाइस" म्हणायचं. सलग तुकडा ओलावा धरून ठेवतो, काप केले की प्रत्येक कापाच्या दोन बाजू वाळतात. घरी आल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना फॉइलमध्ये दोन चमचे पाणी किंवा सूप शिंपडून घट्ट गुंडाळा आणि ओव्हन १२० अंशांवर, त्यांच्या भाषेत २५० फॅरनहाइटवर ठेवा. अर्ध्या किलोच्या तुकड्याला पाऊण तास ते एक तास लागतो. मध्यभाग ७४ अंशांपर्यंत जाऊ द्या, मग कापा. मायक्रोवेव्हशिवाय पर्याय नसेल तर निम्म्या पॉवरवर, झाकून, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने बघत. पूर्ण पॉवरला चरबी बाहेर पळते आणि उरतो तो धागा.

नाशिकला आणायचा विचार सोडा. भारतात बीफच्या आयातीला बंदी आहे आणि इतर मांसालाही परवाना लागतो, विमानतळावर काढून घेतील. मिरी-मिठाचा कोरडा मसाला आणा, सॉसची बाटली आणा, पण बाटली चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वरचं द्रव चालत नाही.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे. छाटणीच्या काड्यांचे ढीग पडतात. तिकडे खाऊन आल्यापासून वाटतंय की शेतावर असंच काही करावं. अंबडच्या भंगारात दोनशे लिटरचे ड्रमही स्वस्त मिळतात. काड्या वापरून, ड्रमची भट्टी करून बोकडाचं मटण जमेल का? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर: मटण उत्तम जमेल. काड्या आणि भंगारातला ड्रम, दोन्ही नकोत.

फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजतात हे खरं आहे. पण तुमच्या बागेत वर्षभर काय काय फवारलं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं मोरचूद म्हणजे तांबं, ते जळून नाहीसं होत नाही, राखेत राहतं आणि राख उडून मांसावर बसते. गोडी छाटणीनंतर डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करता, ते त्याच काड्यांवर असतं. शिवाय बोटाएवढी काडी भुर्रकन जळते, सहा तासांच्या कामाला तिचा उपयोग नाही. एप्रिलच्या खरड छाटणीचं लाकूड कुट्टी करून बागेतच जिरवा. धुरासाठी पेरूचं किंवा आंब्याचं लाकूड घ्या, फवारणी न झालेल्या झाडाचं, तोडून किमान सहा महिने सावलीत वाळलेलं. मनगटाएवढे जाड, मुठीएवढे लांब तुकडे करा. निखाऱ्यासाठी बाभळीचा कोळसा. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड आणि चीड-देवदारासारखं चिकाचं लाकूड टाळा.

ड्रमचं म्हणाल तर औद्योगिक वसाहतीतल्या ड्रममध्ये आधी काय होतं ते भंगारवाल्याला सांगता येत नाही. खाद्यतेलाचा ड्रम शोधा, आतून प्लास्टिकसारखा लेप नसलेला. पहिल्यांदा आत मोठा जाळ करून दोन तास जाळा, रंग खरवडा, धुऊन तेलाचा हात फिरवा. जाळी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी तापली की विषारी धूर सोडते. ड्रम आडवा ठेवून लांबीत कापा आणि बिजागरी लावा, एका टोकाला खाली हवेचं भोक, दुसऱ्या टोकाला वर धुराडं. निखारे हवेच्या भोकाकडे, मांस धुराड्याकडे. मांसाखाली दोन लिटर पाण्याचं पसरट भांडं.

मांस म्हणून खाटकाकडून बोकडाचा पुढचा पाय खांद्यासकट, हाडासह, न तोडता घ्या, साधारण दोन किलो. "पीस करू नका" असं दोनदा सांगा. आदल्या रात्री २५ ग्रॅम मीठ आणि १५ ग्रॅम भरड मिरी चोळून फ्रीजमध्ये उघडं ठेवा. मीठ आत जातं आणि वरचा भाग वाळतो. काळा मसाला लावायचा असेल तर एक चमचा पुरे. गूळ-साखर सुरुवातीला नको, करपून कडू होते.

दीड-दोन किलो कोळसा न पेटवता एका बाजूला रचा आणि वेगळे पेटवलेले दहा-बारा निखारे त्याच्या एका कडेला ठेवा. विस्तव हळूहळू सरकत जातो. जाळीच्या पातळीवर थर्मामीटर लावा, झाकणावरचा काटा बराच चुकीचा दाखवतो. १२० ते १३० अंश हवेत. कमी-जास्त करायचं ते खालच्या भोकाने, धुराडं कायम पूर्ण उघडं. बहुतेकांची चूक इथे होते. धूर कोंडावा म्हणून वरून बंद करतात, लाकूड धुमसतं, पांढरा जाड धूर येतो आणि मटणाला डांबरासारखी कडू चव बसते. चांगला धूर पातळ, निळसर आणि जेमतेम दिसणारा असतो. लाकूड भिजवूनही घालू नका, आधी नुसती वाफ येते आणि मग तोच पांढरा धूर. पेरूचा एक तुकडा दर चाळीस मिनिटांनी, पहिले अडीच तास. पुढे लाकूड नाही.

तीनेक तासांनी मटण आतून ७० अंशांवर येईल. बोकडात ब्रिस्केटएवढी चरबी नसते, त्यामुळे इथून पुढे ते उघडं ठेवलं की वाळतं. केळीच्या पानात गुंडाळा, वरून फॉइल, आत अर्धी वाटी अळणी रस्सा. आणखी दोन-अडीच तासांत ९३ ते ९५ अंश होतील. आकड्यापेक्षा सुई महत्त्वाची, उकडलेल्या बटाट्यात शिरावी तशी शिरली पाहिजे. अडकली तर आणखी अर्धा तास. मग पाऊण तास गुंडाळलेलंच बाजूला ठेवा आणि हाताने तोडून भाकरीबरोबर वाढा.

कोंबडी करायची तर हीच भट्टी १५०-१६० अंशांवर चालवा. १२० वर कातडं रबरासारखं होतं. सव्वा किलोची कोंबडी दीड तासाच्या आसपास होते.

एक मात्र काटेकोर पाळा. पावसात असो वा थंडीत, ही भट्टी बंद शेडमध्ये किंवा फ्लॅटच्या काचा लावलेल्या गॅलरीत लावायची नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

प्रश्न: मुलाचे अमेरिकन मित्र जानेवारीत नाशिकला येणार आहेत. त्यांनी आम्हाला तिकडे बार्बेक्यू खाऊ घातलं, आपण इथे विस्तवावरचं काय द्यावं? (सिडको)

उत्तर: जानेवारी असेल तर हुरडा. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवा, ज्वारीची दूध भरलेली कोवळी कणसं निखाऱ्यात भाजा आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढून द्या. कणीस गार झालं की दाणे सुटत नाहीत, म्हणून एकाने भाजायचं, एकाने चोळायचं, पाहुण्यांनी लगेच खायचं. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. दुसऱ्या दिवशी खानदेशी भरीत. त्याला जळगावकडची मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी लागतात, त्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. पऱ्हाट्या किंवा तुराट्यांच्या जाळावर ती भाजा, गॅसवर नको. साल पूर्ण काळं होऊन देठाजवळ बोट दाबल्यावर आत गेलं की वांगं झालं. भाजायच्या आधी सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून घ्या, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं आणि शेजारी बसलेल्याच्या अंगावर उडतं.